तीन तान्हीं आणि रायगड

प्रवासास निघतांना बरोबर काय न्यावें याविषयीं आपल्याकडे पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. वळकटी, तांब्या, दशम्या, सुंठीची पूड, आणि हल्लींच्या दिवसांत मोबाइलची बॅटरी भरण्याची वायर, एवढें कोणीहि सांगेल. परंतु बरोबर कोणास न्यावें, आणि त्याहूनहि कोणास नेऊं नये, या प्रश्नाचा विचार कोणीं केलेला आमच्या वाचनांत नाहीं. हा प्रश्न गेल्या हिंवाळ्यांत आमच्या स्नेहीमंडळींत निघाला, आणि त्यावरचा वाद पुणें सोडून थेट रायगडाच्या माथ्यापर्यंत आमच्याबरोबर आला. तो वाद निव्वळ प्रवासाचा नव्हता, म्हणून येथें त्याचा वृत्तान्त देत आहों.

निमित्त असें झालें. २०२५ सालच्या जुलै महिन्यांत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेले. अकरा आपल्या महाराष्ट्रांतले आणि बारावा तमिळनाडूंतील जिंजी. वर्तमानपत्रें कांहीं दिवस त्याच वार्तेनें भरलेलीं होतीं. सायंकाळीं फिरावयास गेल्यावर आम्ही तिघे स्नेही एका बांकावर बसत असतों. एक वकीलसाहेब, एक पोस्टमास्तर आणि तिसरे आम्ही. तिघेहि निवृत्त, म्हणजे मतें देण्यास पूर्ण मोकळे. बाराही किल्ल्यांची उजळणी त्या बांकावर झाली आणि शेवटीं पोस्टमास्तर म्हणाले, "अहो, यादी कसली वाचतां? १९९६ पासून रायगडाला रोपवे आहे. आपले गुडघे अगदींच निकामी होण्यापूर्वीं एकदां सहकुटुंब जाऊन येऊं."

'सहकुटुंब' या शब्दावरच घोडें अडलें. तिन्ही घरांत त्या वेळीं तान्हीं मुलें होतीं. वकिलांचा नातू आठ महिन्यांचा, नुकता रांगावयास लागलेला. पोस्टमास्तरांची नात सव्वा वर्षाची, म्हणजे पाय फुटलेले पण भय न फुटलेली. आणि आमच्या मुलीची मुलगी पांच महिन्यांची, जिला पालथें पडण्यापलीकडे अद्याप कांहीं येत नव्हतें. वकीलसाहेबांचें म्हणणें स्पष्ट होतें. "किल्ला पाहावयाचा कीं पाळणा हालवावयाचा, एक काय तें ठरवा. मुलें घरीं राहूं द्या."

आतां मुलें घरीं राहिलीं कीं त्यांच्या आया राहिल्या. आया राहिल्या कीं त्यांच्या मदतीस आज्या राहिल्या. मग उरले कोण? आम्ही तिघे म्हातारे आणि तिघे तरुण बाप्ये. आमच्या घरांत पूर्वीं देवदर्शनास जातांनाहि हाच न्याय चाले. पुरुषांनीं काशी-रामेश्वर पाहून यावें आणि बायकांनीं त्यांनीं आणलेल्या गंगेच्या गडूची पूजा करावी. तो न्याय आम्हांस तेव्हांहि पटत नसे.

आम्हीं म्हटलें, "वकीलसाहेब, रायगड हा कांहीं नुसता तोफांचा गड नव्हे, तो नांदता गड होता. १६७४ सालीं राज्याभिषेक झाला तेव्हां राजाराम महाराज अवघे चार वर्षांचे होते. पुढें शाहू महाराज त्याच गडावर लहानाचे सात वर्षांचे झालेले दिसतात. जेथें राजवाडा होता तेथें पाळणेहि होतेच."

"तीं राजाचीं मुलें," वकील म्हणाले. "त्यांना सांभाळावयास दहा दाया होत्या. आपल्याकडे कोण आहे?"

या 'आपल्याकडे कोण आहे' मागें एक निराळेंच प्रकरण होतें, तें येथें सांगणें भाग आहे. वकीलसाहेबांची धाकटी सूनबाई एका महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविते. बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपली, त्यावर तिनें दोन महिने बिनपगारी रजा घेतली, आणि आतां संक्रांतीच्या आंत एकतर कामावर रुजू व्हावें किंवा राजीनामा द्यावा असा प्रसंग येऊन ठेपला होता. घरांत कोणी तिला 'नोकरी सोड' असें म्हटलें नव्हतें. आपल्या सुशिक्षित घरांत असें कोणी म्हणत नाहीं. फक्त 'मूल कोण सांभाळणार?' एवढाच प्रश्न दर जेवणाच्या वेळीं पानावर वाढला जाई, आणि त्याचें उत्तर कोणी देत नसे. वकिलांचें मत असें कीं, आपण दोघें आतां मुलें सांभाळण्याच्या वयाचीं राहिलों नाहीं. वकीलीणबाईंचें मत कोणासच ठाऊक नव्हतें. त्यांच्या गुडघ्यांचें मत तेवढें वकीलसाहेब सर्वांना सांगत.

शेवटीं आमच्या सौभाग्यवतींनीं निकाल दिला. "तुम्ही तिघे बांकावर बसून वाद घाला, आम्ही पिशव्या भरतों." त्यानंतर वादास जागाच उरली नाहीं, कारण पिशव्यांनींच ती सर्व व्यापिली. माणशी एक पिशवी आणि बाळामागें तीन, असा हिशेब पडला. दुपटीं, लंगोट, कुंच्या, बाळगुटीची सहाण, वेखंड, भाताच्या पेजेसाठीं भरडलेले तांदूळ, आणि नव्या पद्धतीचे कागदी लंगोट निराळे. पोस्टमास्तरांनीं एवढीं पार्सलें आपल्या सर्व नोकरींत एका दिवशीं पाहिलीं नव्हतीं असें ते म्हणाले.

मार्गशीर्षांत एके दिवशीं सकाळीं लहान बस भाड्यानें करून मुळशीवरून ताम्हिणीच्या घाटानें निघालों. घाटाच्या वळणांवर वकिलांच्या नातवानें पोस्टमास्तरांच्या नव्या शालीवर जो अभिषेक केला त्याचें वर्णन करीत नाहीं. माणगांवास चहा झाला, आणि चार वाजण्याच्या सुमारास पाचाडास पोंचलों.

पाचाड हें गडाच्या पायथ्याचें गांव. लोक तें ओलांडून घाईघाईनें वर जातात, हें आम्हांस नेहमींच खटकतें. गडावरची थंड हवा आणि वारा जिजाबाईंना वृद्धापकाळीं सोसेना, म्हणून महाराजांनीं त्यांच्यासाठीं येथें खालीं वाडा बांधला. वाड्याच्या तटाच्या भिंती व जोतीं आजहि आहेत, आणि तेथली तक्क्याची विहीर पाहण्यासारखी आहे. विहिरीच्या कांठीं टेकून बसण्यासाठीं दगडाचाच तक्क्या केलेला आहे. जिजाबाई तेथें बसून गांवच्या बायकांशीं बोलत असें सांगतात. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजीं झाला आणि १७ जूनला त्यांनीं याच गांवीं देह ठेविला. मुलाच्या डोक्यावर छत्र धरलेलें पाहिलें आणि अकरा दिवसांत गेल्या. समाधीपाशीं आम्ही सर्व कांहीं वेळ बसलों. पोस्टमास्तरांची नात समाधीला तीन प्रदक्षिणा घालून आली. तिला कोणीं सांगितलें नव्हतें, तिला केवळ धावावयाचें होतें.

रात्रीं जेवतांना दुसऱ्या दिवशींचा बेत ठरला. चौदाशेंहून अधिक पायऱ्या चढून जाण्याची उमेद तरुण मंडळींना होती. म्हाताऱ्यांनीं व मुलांनीं रोपवेनें जावें, आणि आयांनीं अर्थात् मुलांबरोबर, असें वकीलसाहेब म्हणत असतांनाच सूनबाई म्हणाली, "बाबा, मला पायऱ्यांनीं चढावयाचें आहे."

पानावर क्षणभर शांतता पसरली. "आणि बाळ?" वकिलांनीं विचारलें.

"पहाटे अंगावर पाजून निघेन. नऊ-साडेनऊपर्यंत वर येतें. मध्यें एकदां पेज द्यावी लागेल."

"पेज मी देईन," वकीलीणबाई म्हणाल्या. त्या वादांत आम्हीं ऐकलेलें त्यांचें हें पहिलें वाक्य.

पहाटे साडेसहाला तरुण मंडळी निघाली. आमच्या मुलीनें मात्र रोपवे पसंत केला. तिच्या मुलीला दर दोन तासांनीं भूक लागते, आणि त्या बाबतींत तिचें घड्याळ फार काटेकोर आहे. रोपवेचें खालचें ठाणें आहे त्या वाडीचें नांव हिरकणीवाडी. नांव वाचून आमच्या सौभाग्यवतींनीं हात जोडले. चार-पांच मिनिटांत तो डबा आपणांस कड्यालगत वर उचलून नेतो. खालीं दरी, समोर काळा कातळ, मांडीवर नातवंडें. डोळे मिटून घ्यावे कीं उघडे ठेवावे हें कळेना. मुलें मात्र निर्धास्त होतीं. त्यांच्या दृष्टीनें तोहि एक पाळणाच, जरा मोठा झोका घेणारा.

वर उतरल्याबरोबर वाऱ्यानें स्वागत केलें. ताक-दह्याची हंडी घेऊन बसलेली एक धनगरीण होती. तिच्या शेजारीं तिचें पोर मातींत खेळत होतें. गडावर पिढ्यान् पिढ्या धनगरांचीं घरें आहेत, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांस ताक व पिठलेंभाकरी तींच देतात. तिनें वकिलांच्या नातवाकडे एकदां पाहिलें आणि म्हणाली, "वारं लागतंय बाळाला, टाळू झांका माय." वकीलीणबाईंनीं पिशवींतून कुंची काढून बांधली. नवीन पद्धतीची लोंकरी टोपी दोनदां उडून गेली होती. कुंची दिवसभर जागची हालली नाहीं.

रोपवेनें येणाऱ्यास गड उलटा दिसतो, ही त्याची खोड आहे. महादरवाजानें येणारा मनुष्य बुरूज, दरवाजे, तलाव करीत करीत राजाच्या घरीं पोंचतो. आम्ही एकदम माजघरांतच उतरलों. मेणा दरवाजाच्या आंत राण्यांच्या महालांचीं जोतीं ओळीनें आहेत. वरचें लांकूडकाम सर्व गेलें; मे १८१८ मध्यें इंग्रजांच्या तोफांनीं आग लागली तींत जळालें. आतां भिंतींचे खालचे थर, दगडी उंबरे, आणि प्रत्येक महालास जोडून बांधलेला शौचकूप एवढें दिसतें. हें शेवटचें पाहून आमच्या सौभाग्यवती व वकीलीणबाई फार वेळ तेथें उभ्या राहिल्या. पुरुष मंडळी किल्ल्यावर तोफा मोजते. बायकांनीं येथें सांडपाण्याची वाट पाहिली. साडेतीनशें वर्षांपूर्वीं डोंगराच्या माथ्यावर जी सोय विचारपूर्वक केलेली होती ती आपल्याकडील कितीतरी प्रेक्षणीय स्थळीं आज नसते, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला दोन घटका आडोशाला बसण्यासारखी जागा तर त्याहूनहि दुर्मिळ. आमच्या मुलीनें एका महालाच्या कोपऱ्यांत बसून मुलीला घेतलें. आमच्या सौभाग्यवतींनीं समोर शाल धरली. राणीच्या महालांत दूध पिण्याचें भाग्य त्या पोरीला लाभलें, यापेक्षां अधिक तक्रार आम्ही करीत नाहीं.

याच जागीं उभे राहून आम्हीं मंडळींस येसूबाईंची हकीकत सांगितली. शाळा सुटली तरी मास्तरकी सुटत नाहीं. मार्च १६८९ मध्यें संभाजी महाराजांचा वध झाला आणि रायगडास मोगलांचा वेढा पडला. राजाराम महाराजांनीं गडाबाहेर पडून राज्य राखावें, असा सल्ला देऊन येसूबाई स्वतः सात वर्षांच्या मुलासह गडावर मागें राहिल्या. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत गड पडला, आणि मायलेंकरें कैदेंत गेलीं. शाहू सुटले १७०७ सालीं. येसूबाई सुटल्या १७१९ सालीं. तीस वर्षें. लढाया कोणीं केल्या हें मुलें परीक्षेंत लिहितात. ही तीस वर्षें कोणीं उत्तरपत्रिकेंत लिहिलेलीं आम्हांस आठवत नाहींत, कारण तसा प्रश्नच कोणी घालीत नाहीं.

तेथून राजसभेंत गेलों. महाराजांच्या सिंहासनाच्या जागीं आतां मेघडंबरी व मूर्ति आहे, आणि समोर दोनशें फुटांहून अधिक अंतरावर नगारखान्याचा उंच दरवाजा. या सभेची ख्याति अशी कीं, नगारखान्यापाशीं कोणी हलक्या आवाजांत बोललें तरी सिंहासनापाशीं ऐकूं येतें. वाटाडे कागद फाडून, काडी ओढून त्याचें प्रात्यक्षिक दाखवितात. वकीलसाहेबांनीं तें कधीं मानलें नव्हतें. "ऐकीव गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे," असें म्हणून ते स्वतः मेघडंबरीसमोर जाऊन उभे राहिले आणि आम्हांस नगारखान्याकडे पिटाळलें. आम्ही कागद शोधीत आहों तोंच वकीलीणबाईंच्या कडेवर नातवानें भोकाड पसरलें. आजीनें त्याच्या कानाशीं लागून कांहीं पुटपुटलें. पलीकडून वकीलसाहेब लगबगीनें येतांना दिसले. जवळ येऊन म्हणाले, "त्याला भूक लागली आहे ना? तुम्ही 'पेज निवली का बघतें' म्हणालांत तें मला ऐकूं आलें." पुरावा ग्राह्य ठरला. पेज खरोखरच निवली होती. वकिलांनीं वाटी धरली, वकीलीणबाईंनीं चमच्यानें भरविली, आणि नगारखान्याच्या पायरीवर तो चिरंजीव अर्धी वाटी पेज पिऊन आजोबांच्या खांद्यावर झोंपी गेला. आठ वाजल्यापासून तो या दोघांपाशीं होता. आम्हीं घड्याळाकडे पाहिलें. पण बोललों मात्र कांहीं नाहीं.

दहाला पायऱ्यांची मंडळी येऊन मिळाली. सूनबाईचा चेहरा लाल झालेला, केस वाऱ्यानें विस्कटलेले. एवढ्या उत्साहांत आम्हीं तिला लग्नानंतर पाहिलें नव्हतें. महादरवाजाची घडण, तेथून दिसणारी दरी, चढतांना मोजलेल्या आणि मध्येंच हिशेब चुकलेल्या पायऱ्या, हें सर्व ती एका दमांत सांगत सुटली. मग पदराआड बाळाला घेऊन बसली आणि गप्प झाली.

होळीच्या माळावरून बाजारपेठेंत आलों. रुंद रस्ता, दोन्ही अंगांस दुकानांची एकेक रांग, रांगेंत बावीस-बावीस दुकानें, आणि जोतीं उंच. घोड्यावर बसल्या बसल्या सौदा करतां यावा म्हणून तीं उंच केलीं असें लोक सांगतात. कांहीं अभ्यासकांस तें मान्य नाहीं. आम्हांस एवढेंच सांगतां येतें कीं मुलाचे लंगोट बदलण्यास ती उंची फार सोयीची आहे, पाठ वांकवावी लागत नाहीं. आमची मुलगी एका जोत्यावर दुपटें पसरून तें काम करूं लागली तेव्हां वकीलसाहेब ओरडले, "अहो, हें संरक्षित स्मारक आहे!" तिनें सर्व कांहीं पिशवींत घालून, तोंड बांधून, पिशवी आपल्या नवऱ्याच्या हातीं दिली आणि म्हणाली, "काका, स्मारक अगदीं सुरक्षित आहे." जांवईबापूंनीं ती पिशवी सबंध दिवस वागविली आणि खालीं आणून टाकली. इतर प्रवाशांनीं टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या व पुड्या वाटेवर ठिकठिकाणीं पडलेल्या होत्या, आणि त्या टाकणाऱ्यांत एकहि तान्हें मूल नव्हतें.

पंधरा वर्षांखालील मुलांस पुरातत्त्व खात्याचें तिकीट लागत नाहीं. तेव्हां आमच्यापैकीं तिघे जण फुकट आले होते, आणि त्यांत सर्वांत अधिक गड पाहिला तो पोस्टमास्तरांच्या नातीनें. दगड, मुंग्या, वाळलेलें गवत, शेळीच्या लेंड्या, कांहीं तिच्या दृष्टींतून सुटलें नाहीं. तिच्यासाठीं म्हणून हत्तींची गोष्ट सांगितली. राज्याभिषेकास आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन यानें गडावर हत्ती पाहिले, आणि असल्या वाटेनें हें जनावर वर आणलें तरी कसें याचें त्यास नवल वाटलें. आपल्याकडे त्याचें उत्तर असें सांगतात कीं, हत्तीचीं लहान पिल्लें वर आणून तेथेंच वाढविलीं. पोस्टमास्तर वकिलांना म्हणाले, "बघा! शहाणीं माणसें गडावर आधीं पिल्लें नेतात." वकील हंसले. सकाळपासून ते पहिल्यांदाच मोकळेपणानें हंसले.

जगदीश्वराच्या देवळांत भिंतीवरचा संस्कृत शिलालेख आम्हीं मोठ्यानें वाचून अर्थ सांगितला. हा आमचा हक्काचा प्रांत, म्हणून मंडळींनीं मुकाट्यानें ऐकून घेतलें. हिरोजी इंदुलकरानें राजाच्या आज्ञेनें या गडावर विहिरी, तळीं, बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा, राजमंदिरें बांधलीं, तीं सूर्यचंद्र असेपर्यंत नांदोत, असा त्याचा आशय आहे. यादी मोठी आहे, गर्वहि आहे. पण स्वतःचें नांव सेवक म्हणून त्यानें कोरलें तें देवळाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाखालीं. समाधीपुढें कोणीच कांहीं बोललें नाहीं. ३ एप्रिल १६८० ही तारीख शाळेंत आम्हीं हजार वेळां फळ्यावर लिहिली असेल. तेथें उभे राहिल्यावर ती तारीख म्हणून आठवत नाहीं. वकिलांचा नातू फरसबंदीवर रांगत गेला आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनीं दगड थोपटूं लागला. त्याला कोणीं उचललें नाहीं.

उन्हें कलतां कलतां पश्चिमेच्या अंगास हिरकणी बुरुजाकडे गेलों. आमच्याबरोबर एक वाटाड्या होता, त्यानें गोष्ट सांगितली. ती आपणां सर्वांस पाठ आहे. हिरकणी गडावर दूध घालावयास येई. कोजागिरीच्या दिवशीं उशीर झाला, तोफ झाली, दरवाजे मिटले. घरीं तान्हें बाळ. तिनें दरवाजा उघडण्याविषयीं नाना परी विनविलें. पहारेकरी हुकमाचे ताबेदार. तेव्हां ती माउली या कड्यावरून अंधारांत उतरून गेली. महाराजांनीं दुसऱ्या दिवशीं तिचा गौरव केला, आणि जेथून बाई उतरूं शकते तेथून शत्रु चढूं शकेल म्हणून तेथें बुरूज बांधला. दंतकथाच ती; तिला कागदाचा आधार मागूं नये. खालीं पाहिलें तर कडा तुटलेला, आणि दूर हिरकणीवाडीचीं कौलें.

सर्वांनीं 'केवढें धैर्य!' म्हटलें. वकीलसाहेब म्हणाले, "आईचें काळीज तें. मुलासाठीं जीव धोक्यांत घालते. आजच्या काळांत—" आणि तेथेंच थांबले, कारण सूनबाई त्यांच्याकडे पाहत होती.

ती म्हणाली, "बाबा, एक विचारूं? ती त्या दिवशीं पहिल्यांदा गडावर आली होती का?"

"नाहीं. रोज येत असे. दूधच घालीत असे ना ती."

"म्हणजे रोज सकाळीं बाळाला घरीं ठेवून एवढा गड चढत होती, दूध विकून परत जात होती. ती चढण कोणी सांगत नाहीं. एक दिवस उशीर झाला तेवढीच गोष्ट राहिली." थोडें थांबून तिनें विचारलें, "रोज ती वर असे तेव्हां बाळाजवळ कोण असे?"

वाटाड्यास हा प्रश्न पूर्वीं कोणीं केलेला नसावा. तो आमच्या तोंडाकडे पाहूं लागला. आम्हांसहि उत्तर येत नव्हतें; कोणी म्हणतात नवरा लढाईवर होता, कोणी घरांत सासू होती म्हणतात, ज्याचें त्यानें जोडलेलें. वकीलसाहेब कांहींसे कडक स्वरांत म्हणाले, "दंतकथेंत इतकी उलटतपासणी चालत नाहीं."

वकीलीणबाई एका दगडावर बसल्या होत्या. नातू त्यांच्या मांडीवर, डोक्याला कुंची. त्याच्या तळहातावर माती चिकटली होती, ती त्या पदरानें पुशीत होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, "सासू असेल घरीं."

कोणी कांहीं बोललें नाहीं. वारा फार होता. सूनबाईनें तोंड फिरवून दरीकडे केलें आणि बराच वेळ तसेंच ठेविलें.

"तुझे गुडघे—" वकीलसाहेबांनीं सुरुवात केली.

"गुडघे माझे आहेत," वकीलीणबाई म्हणाल्या. "त्यांना काय झेंपतें तें मला विचारावें. आज सकाळपासून हा कोणाजवळ आहे? आणि पेज भरवितांना वाटी कोणीं धरली?"

पोस्टमास्तरांना त्याच क्षणीं टकमक टोकाकडचा देखावा दाखवावयाचें सुचलें आणि ते आम्हांस हाताला धरून बाजूस घेऊन गेले. तेव्हां पुढें त्या तिघांत काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असतें तरी तें येथें लिहिलें नसतें.

रोपवेपाशीं गर्दी होती, तासभर थांबावें लागलें. धनगरीण आपली रिकामी हंडी उपडी करून, पोराला पाठीशीं बांधून निघण्याच्या तयारींत होती. तिला विचारलें, आतां कोठें? ती म्हणाली, "पाचाडाला बहिणीकडं. दिस हाय तंवर उतरती." आणि आम्ही डब्याची वाट पाहत उभे असतांना ती पायऱ्यांकडे चालूं लागली.

उतरतांना सूनबाई आमच्याच डब्यांत होती. बाळ मात्र वकीलसाहेबांच्या मांडीवर. त्यानें त्यांच्या मफलरचें टोक तोंडांत धरलें होतें. खालची दरी सांवळत चालली होती. कड्याच्या मध्यावर आल्यावर वकीलसाहेबांनीं घसा खांकरला.

"तुझें कॉलेज किती वाजतां भरतें?"

"साडेदहाला, बाबा."

"आणि सुटतें?"

"प्रात्यक्षिक असलें तर साडेचार. नाहींतर तीन."

वकीलसाहेबांनीं मफलरचें टोक बाळाच्या तोंडांतून हळूच सोडविलें; त्यानें तें पुनः धरलें. "प्रात्यक्षिक आठवड्यांतून किती दिवस?" त्यांनीं विचारलें, आणि आम्ही खिडकीबाहेर पाहूं लागलों.